घरकुल मंजूर झालं. जुन्या घराचं काय?

शहरात सरकारी घर निवडणाऱ्याचा हिशेब बहुतेक वेळा विक्रीच्या किमतीपाशी येऊन थांबतो. विरारच्या बोळिंजमध्ये म्हाडाच्या नव्या इमारतीत फ्लॅट घ्यावा, की विक्रोळीच्या कन्नमवारनगरासारख्या जुन्या वसाहतीत चाळीस-पन्नास वर्षं वापरलेलं घर विकत घ्यावं, असा प्रश्न पडला तर नव्याच्या बाजूने लिफ्ट, पार्किंग, कर्जाची सोय वगैरे मुद्दे येतात. जुन्याच्या बाजूने येतं ठिकाण, जवळचं स्टेशन आणि पुनर्विकासाची आशा. सिंगापूरमध्ये बहुसंख्य लोक सरकारने बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहतात आणि हे फ्लॅट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. तिथे तर जुनं घर घेणारा आधी पट्ट्याची किती वर्षं उरली ते विचारतो, कारण उरलेली वर्षं कमी होतील तशी किंमत उतरते. हे सगळे हिशेब एक गोष्ट गृहीत धरतात, की घर कधीतरी विकायचं आहे. जव्हार तालुक्यातल्या दाभोसा गावात हे गृहीतच लागू पडत नाही. हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तालुक्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती आदिवासी आहे आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सहजासहजी जाऊ नये यासाठी महाराष्ट्रात १९७४पासून कडक कायदा आहे. पाड्यावरच्या घराला गिऱ्हाईक नसतं आणि कोणी ते शोधतही नाही. त्यामुळे जुनं की नवं हा प्रश्न इथे जास्त स्वच्छ होतो. घराची किंमत एवढीच, की ते दिवसा, रात्री आणि चार महिन्यांच्या पावसात माणसांचं काय काम करतं.

दाभोसा बाहेरच्या लोकांना माहीत आहे ते लेंडी नदीवरच्या सुमारे तीनशे फुटी धबधब्यामुळे. पावसाळ्यात मोटारी येतात, फोटो निघतात, मोटारी जातात. गावात आणि आसपासच्या पाड्यांवर गेली काही वर्षं जी खरी उलथापालथ चालू आहे ती घरांची आहे. १९८५-८६ साली सुरू झालेली आणि १९९६पासून स्वतंत्र योजना म्हणून चाललेली इंदिरा आवास योजना, २०१६पासून तिच्या जागी आलेली प्रधानमंत्री आवास योजना, राज्याची शबरी घरकुल योजना आणि नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर झालेल्या पीएम-जनमन अभियानातली कातकऱ्यांसाठीची घरं, अशा वेगवेगळ्या वाटांनी सरकारी घर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत पोचलं. लोकांच्या तोंडी या सगळ्यांना एकच नाव आहे, घरकुल. नाव पात्र कुटुंबांच्या ‘ड’ यादीत आलं, मंजुरी मिळाली, की कुटुंबापुढे निवड उभी राहते. डोंगरउतारावर सपाट, घट्ट जागा थोडी असते आणि ती बहुतेक वेळा आधीच्या घराखाली असते. जुनं कुडाचं घर मोडून त्याच्याच जोत्यावर घरकुल बांधायचं, की जुनं राखून बाजूला, अंगण किंवा शेताचा तुकडा खर्चून नवं उभं करायचं? माझं म्हणणं असं आहे, की ही निवड घराच्या वयावरून किंवा भिंत मातीची की सिमेंटची यावरून करू नये. घर बिघडलं तर ते कोण, कशाने आणि किती पैशांत दुरुस्त करणार, या एका कसोटीवर करावी. ती कसोटी लावली की जुन्याचे आणि नव्याचे गुणदोष नेहमीपेक्षा वेगळ्या जागी सापडतात.

आधी जुनं घर पाहू. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी यांच्या घरांत फरक आहेत, पण बांधणीचं सूत्र जवळपास एक आहे. जमिनीत पुरलेल्या लाकडी मेढी, त्यांवर आढं, आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे. घराचा भार हा सांगाडा पेलतो. भिंती भार घेत नाहीत. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा किंवा बांबूच्या कामट्यांचा कूड, दोन्ही अंगांनी माती आणि शेणाने लिंपलेला. छपर पूर्वी गवताचं, पुढे नळीच्या कौलांचं, मग मंगलोरी कौलांचं. आत एका बाजूला चूल आणि झोपायची जागा, दुसरीकडे गुरं, वर माळा. माळ्यावर बियाणं, सरपण, पावसाळ्यात लागणारी पाटी-टोपली. खाली भाताची, नागलीची, वरईची कणगी. चुलीचा धूर माळ्यातून आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. जाताना तो बियाण्यातले किडे आणि बांबूतला भुंगा दूर ठेवतो, वाशांना काळं कवच चढवतो. डोळ्यांना आणि छातीला तो वाईटच, हे आधी मान्य करायला हवं. पण त्याच धुराने घर टिकवण्याचं कामही केलं आहे आणि कूड-कौलाची रचना धुराला वाट देणारी आहे. पुढे ओटी किंवा पडवी: पावसाच्या दिवसांत जिथे टोपल्या विणल्या जातात, शेंगा सोलल्या जातात, पाहुणा बसतो, कोंबड्या निवाऱ्याला येतात. चौरस फुटांत मोजलं तर पडवी घराचा छोटा भाग. तासांत मोजलं तर दिवसाचा बहुतेक भाग तिथे जातो.

या घराला दर वर्षी काम लागतं. पावसाआधी शाकारणी, कौलं काढून फुटकी बदलून पुन्हा बसवणं, वळचणीचा कूड कुजला असेल तेवढा काढून नव्या काठ्या घालणं, वाळवी लागलेल्या मेढीला जोड देणं, वरचेवर सारवण. यादी लांब आहे आणि त्यातलं सारवणाचं आणि लिंपणाचं काम जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या हातावर पडतं. पण या यादीत एक वैशिष्ट्य आहे जे ‘कच्चं घर’ म्हणताना नजरेतून सुटतं. यातलं प्रत्येक काम छोटं आहे, तुकड्यातुकड्यांनी करता येतं आणि ते कसं करायचं हे घरातल्या कोणाला तरी येतं. एक कौल फुटलं तर एक कौल बदलतात. दोन हात कूड पडला तर दोन हात लिंपतात. घर कधीच एकदम निकामी होत नाही, ते सारखं थोडं थोडं नवं होत राहतं. पन्नास वर्षांच्या म्हणवल्या जाणाऱ्या घरात पन्नास वर्षांपूर्वीचं लाकूड कदाचित फक्त मधल्या मेढीचं उरलेलं असतं. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर या घराचा देखभालखर्च मोठा आहे, पण तो श्रमात आहे, रोकडीत नाही, आणि पसरलेला आहे.

आता घरकुलाचा हिशेब. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. आधीच्या इंदिरा आवासात ते २० चौरस मीटर होतं. मदत सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी-दुर्गम भागात १ लाख ३० हजार, आणि हा आकडा २०१६चा आहे. १ लाख २० हजारांना २६९ने भागलं तर चौरस फुटाला साधारण ४४६ रुपये येतात. त्यात रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६च्या ३१२ रुपये दराने सुमारे २८ हजार, आणि शौचालयाचे १२ हजार मिळवले, तरी गाडं चौरस फुटाला सहाशेच्या आत राहतं. २०२५मध्ये राज्याने ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरसंचासाठी. कातकरी कुटुंबांना जनमनमध्ये २ लाख मिळतात. या रकमेत पाया, विटा, सिमेंट, सळई, दारं-खिडक्या आणि स्लॅब बसवायचा. त्यातही दाभोशासारख्या ठिकाणी रेती, खडी, सिमेंट सगळं घाट चढून येणार आणि शेवटच्या पाड्यापर्यंत ट्रक जात नसेल तर डोक्यावरून. पैसे हप्त्यांनी येतात: जोतं झालं की फोटो, लिंटेल झालं की फोटो, छत झालं की फोटो, आणि फोटोनंतर पुढचा हप्ता. भ्रष्टाचाराला आळा म्हणून ही पद्धत ठीक आहे. पण तिचा एक उपपरिणाम असा, की फोटोत दिसणाऱ्या गोष्टींना जे महत्त्व येतं ते फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींना येत नाही. स्लॅबमधली सळई खालच्या पृष्ठापासून किती आत आहे, काँक्रीटमध्ये पाणी किती ओतलं, स्लॅबवर किती दिवस पाणी ठेवलं, हे फोटोत येत नाही. आणि स्लॅबचं आयुष्य नेमकं यांवरच ठरतं.

पाण्याचा मुद्दा थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण तो या प्रदेशाचा आहे. बांधकामाचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि आगोटीला संपतो. जव्हार-मोखाड्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बेसॉल्टच्या उतारांवरून तो वाहून जातो. उन्हाळा तापला की विहिरी तळाला जातात आणि एप्रिल-मेमध्ये अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. (मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण रोज मुंबईला पाणी देतं, ही गोष्ट इथे कोणाला सांगावी लागत नाही.) काँक्रीटला मजबुती येते ती सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक संयोगातून, त्यासाठी ओतल्यानंतर निदान आठवडा-दहा दिवस ते सतत ओलं राहावं लागतं. पिण्याचा हंडा दोन किलोमीटरवरून आणणाऱ्या घराने मे महिन्यात स्लॅबवर पाणी मारावं, ही अपेक्षा कागदावरच राहते. त्यात माणसंही जागेवर नसतात. भातकापणी आटोपली, की या भागातली असंख्य कुटुंबं ‘जगायला’ बाहेर पडतात, म्हणजे भिवंडी, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर. दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडण्याचे महिने आणि स्वतःचं घर बांधण्याचे महिने एकच आहेत. मग घरकुल ठेकेदाराच्या हाती जातं, आणि मालक परत येतो तेव्हा छत झालेलं असतं. ते कसं झालं, हे त्याने पाहिलेलं नसतं, आणि पुढे ते बिघडलं तर कुठून हात घालायचा हेही त्याला ठाऊक नसतं.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पक्क्या घराची व्याख्या आहे: रोजच्या वापराला आणि हवापाण्याला तोंड देत, वाजवी देखभाल केल्यास, किमान तीस वर्षं टिकेल असं घर. यातले ‘वाजवी देखभाल केल्यास’ हे तीन शब्द सगळा भार उचलतात. सपाट स्लॅबवर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा उतार नीट नसेल तर पाणी साचतं, केसासारख्या भेगांतून आत मुरतं, सळईपर्यंत पोचतं. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागते, म्हणून आतून दाब देऊन खालचं काँक्रीट फोडते. आधी छताला ओल दिसते, मग पोपडे, मग सळई उघडी. पहिली काही वर्षं घराला काहीच करावं लागत नाही, आणि नेमकं तेच फसवं आहे, कारण बिघाड डोळ्यांना दिसतो तेव्हा तो दोन हात लिंपून भागण्याच्या पलीकडे गेलेला असतो. त्याला गवंडी हवा, जलरोधक माल हवा, एकरकमी हजारो रुपये हवेत. हे पैसे घरकुल योजनेत धरलेले नाहीत. घरकुल एकदा मिळालं की त्या कुटुंबाचं नाव यादीतून उतरतं. मग होतं ते असं: गळक्या स्लॅबवर प्लास्टिकचा कागद टाकतात, नाहीतर वर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे चढवतात. म्हणजे स्लॅबला पावसापासून वाचवण्यासाठी दुसरं छप्पर, आणि तेही उतरतं! इंदिरा आवासची जुनी घरं स्लॅबचं पुढे काय होतं ते पाहण्याची उत्तम जागा आहेत, कारण आजचं घरकुल पंचवीस वर्षांनी कुठे असेल ते तिथे आजच दिसतं. नवं घर निवडणाऱ्याने कुडाच्या घराशी तुलना करण्याआधी गावातल्या सगळ्यात जुन्या घरकुलात, भर जुलैमध्ये, छताकडे पाहून यावं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सगळं मातीच्या घराचं कौतुक शहरात बसून करायला ठीक. जंगल तरी उरलं आहे का? हा आक्षेप वजनदार आहे. कुडाच्या घराची दुरुस्ती फुकट होती ती जंगल हाताशी होतं म्हणून. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि मग वाळते. बोरिवलीच्या जंगलात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. अशा वर्षांत वाळल्या काठ्यांचा तोटा नसायचा. सागाची, ऐनाची मेढ मात्र आता कोणाला सहज तोडता येत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क दिला, त्यात बांबू येतो, पण इमारती लाकूड येत नाही. म्हणजे भिंतीचं सामान हक्काने मिळेल, खांबाचं मिळणार नाही. गवताचं छपर तर गुरं कमी झाली आणि माळरानं आक्रसली तसं मागे पडलंच. तेव्हा जुन्या घराची दुरुस्तीही हळूहळू रोकडीकडे सरकते आहे, हे खरं. माझी कसोटी या ठिकाणी जुन्याच्या विरुद्ध निकाल देते आणि तो मानायला हवा: ज्या घराच्या मेढी गेल्या आणि नव्या मिळण्याची वाट नाही, ते घर राखण्यात अर्थ नाही. मात्र मेढी शाबूत असतील तर लिंपणाची माती, शेण आणि बांबू अजून आवाक्यात आहेत. शिवाय परंपरा म्हणजे गोठलेली वस्तू, असं या लोकांनी कधी मानलंच नव्हतं. मंगलोरी कौल हे बासेल मिशनच्या लोकांनी १८६५च्या सुमाराला मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्याचं अपत्य. ते सह्याद्रीच्या पाड्यांवर पोचलं आणि कुडाच्या घराने ते आपलं म्हणून घेतलं, कारण ते एकेक करून बदलता येतं. खांब सिमेंटचा, भिंत कुडाची, छप्पर कौलाचं, असं घरही याच घराण्यातलं आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. त्यात पहिलं नाव सापाचं घ्यायला हवं. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. कुडाच्या भिंतीतली भोकं आणि उंदीर हे तिला निमंत्रणच आहे. घट्ट फरशी, उंच जोतं, नीट बसलेलं दार यांनी हा धोका पुष्कळ घटतो, आणि यात घरकुलाची बाजू निर्विवाद आहे. मे २०२१च्या तौक्ते वादळात पालघर जिल्ह्यात घरांची छपरं उडाली, तेव्हाही स्लॅबखालची माणसं निर्धास्त होती. भूकंपाचं गणित मात्र एवढं सरळ नाही. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, छोट्या भूकंपांची मालिका सुरू झाली आणि लोक घरात झोपायला घाबरू लागले. २६९ चौरस फुटांवर चार इंची स्लॅब धरला तर डोक्यावर साधारण सहा टन वजन होतं. खाली आडवे पट्टे नीट बांधलेल्या विटांच्या भिंती असतील तर ते सुरक्षित. पट्टे वाचवले असतील तर नाही. कुडाची भिंत हलकी आहे, लवते, तडकली तरी माणूस चिरडत नाही. म्हणून जुनं ते सुरक्षित असं म्हणावं, तर ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट आडवी येते: तिथली जाड दगड-मातीची, वरून मातीच्या धाब्याची घरंही जुनीच होती, आणि त्यांच्याच वजनाखाली हजारो माणसं गेली. भूकंपाला घराचं वय कळत नाही. वजन कुठे आहे आणि सांधे कसे आहेत एवढंच कळतं.

किल्लारीनंतरचा अनुभव दुसऱ्याही कारणासाठी आठवण्यासारखा आहे. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या त्या पुनर्वसनात बावन्न गावं संपूर्णपणे नव्या जागी हलवली गेली आणि घरांचे आकार जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट असे ठरले. घरं भूकंपाला टिकतील अशी होती, रस्ते सरळ होते, पण आखणी करताना गुरं, कडबा, धान्य, बाहेर बसणं यांना जागा कमी पडली. मग लोकांनी हळूहळू पत्र्याच्या पडव्या, गोठे, आडोसे जोडत आपलं घर पुन्हा घडवलं. नकाशात नसलेली खोली माणसं बांधतातच. दाभोशात जुनं घर पाडून २६९ चौरस फुटांत आलेलं कुटुंबही पहिल्या दोन पावसाळ्यांत तेच करतं: पुढे पडवी ओढतं, मागे चुलीसाठी आडोसा बांधतं, गुरांसाठी छपरी घालतं. त्यासाठी लागणाऱ्या मेढी आणि वासे जुनं घर मोडताना निघाले होते. तोवर ते जळणात गेलेले असतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: लोकांना स्लॅबच हवा आहे, मग लेखकाने मध्ये का पडावं? खरं आहे, हवा आहे, आणि त्यामागे फक्त दिखाऊपणा नाही. सिमेंटच्या घरात राहणाऱ्याकडे सावकार, शिक्षक, सोयरे वेगळ्या नजरेने पाहतात. घरकुल बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे करावं, असा योजनेचा आग्रह आहे. ज्या घरांत जमिनीच्या कागदावर बाईचं नाव कधी आलं नाही तिथे ही मोठी गोष्ट. सारवणातून सुटका हाही बायकांच्या पसंतीचा खरा आधार आहे, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीचे गोडवे गाणाऱ्याने आधी आठवडाभर ती सारवावी. वारली चित्रकलेच्या अभिमान्यांनाही हेच सांगता येईल. जिव्या सोमा मशे यांनी गंजाडहून ही कला जगभर नेली ती कागदावर आणि कापडावर. लग्नाचा चौक सिमेंटच्या भिंतीवरही गेरू लावून काढता येतो. चित्रासाठी माणसांनी मातीच्या घरात राहावं, ही मागणी अन्यायाची ठरेल. तेव्हा मी लोकांच्या पसंतीविरुद्ध बोलत नाही. घरकुल घ्यावंच. माझा वाद आहे तो घरकुल म्हणजे जुन्याची जागा घेणारं घर, या समजुतीशी. पसंती स्लॅबला आहे, जुन्या घराच्या नाशाला नाही. दोन्ही एकत्र मिळू शकतात हे कोणी सांगत नाही, म्हणून एकासाठी दुसरं दिलं जातं.

माझ्या कसोटीवर दोन घरं एकमेकांची उणीव भरून काढतात. घरकुल रात्रीचं, वादळाचं, आजारपणाचं, कागदपत्रांचं आणि मुलांच्या अभ्यासाचं घर. तिथे विजेचा दिवा, घट्ट फरशी, बंद होणारं दार. जुनं घर कामाचं: चूल, कणगी, माळा, बियाणं, गुरं, कोंबड्या, टोपल्या. चूल जुन्या घरात राहिली तर धूर कौलातून जातो आणि नव्या भिंती काळ्या पडत नाहीत. तीच चूल स्लॅबखाली, एका छोट्या खिडकीच्या खोलीत पेटवली तर धुराला वाटच नाही, आणि गॅसची टाकी परवडेल त्या महिन्यांपुरतीच चूल विझते. झोपायचं घर वेगळं झालं, की जुन्या घराच्या देखभालीचा दर्जा उतरला तरी चालतो: तिथे रोज सारवायला नको, कूड थोडा विरळ झाला तरी बिघडत नाही. बायकांचं काम त्यामुळे कमी होतं. आणि घरकुल कधी गळायला लागलंच, तर दुरुस्तीचे पैसे जमेपर्यंत कुटुंबाला निवारा असतो. एकच नवं घर असलेल्या कुटुंबाजवळ हा अवकाश नसतो.

बाजूला जागाच नाही, अशी घरं अर्थात आहेत. कातकऱ्यांच्या वाड्यांत तर पायाखालची जमीनही अनेकदा दुसऱ्याची असते आणि तिथे निवडीचा प्रश्नच वेगळा, आधी जागेचा कागद. जिथे जुनं मोडूनच नवं होणार तिथे मोडताना काय वाचवायचं ते आधी ठरवावं. मेढी, वासे आणि कौलं नीट उतरवून ठेवली तर त्यांतून पडवी आणि मागची चूलखोली उभी राहते, आणि २६९ फुटांचं घर राहण्याजोगं होतं. योजनेने आराखडा सक्तीचा केलेला नाही. स्थानिक साहित्य वापरायला मुभा आहे. उतरत्या कौलारू छपराचं घरकुल नियमात बसतं, फक्त ते मागणारं कोणी हवं आणि ते मंजूर करणाऱ्याला त्याचं वावडं नको. स्लॅबच घालायचा असेल तर तो पौष-माघात घालावा, विहिरीला पाणी असताना, आणि वर मातीचे बांध घालून पाणी साठवून ठेवावं. वैशाखात घातलेल्या स्लॅबवर केलेली बचत पुढे दसपटीने मोजावी लागते. छताला उतार आणि कडेला पागोळी बाहेर पडेल एवढा छज्जा, या दोन गोष्टींवर गवंड्याशी भांडायला हरकत नाही.

राहिला दुरुस्तीचा हात. ग्रामीण आवास योजनेत गवंड्यांचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि ते प्रत्यक्ष घरकुल बांधताबांधता दिलं जातं. भट्ट्यांवर आणि ठाण्या-वसईच्या इमारतींवर काम केलेले तरुण पाड्यापाड्यांवर आहेत. सळई बांधणं, सेंट्रिंग लावणं त्यांच्या हातात आधीच बसलेलं आहे. त्यांना घर उभारण्याबरोबर गळका स्लॅब दुरुस्त करणं, उघडी सळई साफ करून झाकणं, वर उताराचा थर देणं हेही शिकवलं, आणि सराव म्हणून गावातलीच इंदिरा आवासची जुनी घरं दिली, तर त्या जुन्या घरकुलांची डागडुजी होईल आणि नव्या घरकुलांना पंधरा-वीस वर्षांनी लागणारा माणूस गावात तयार असेल. ‘ड’ यादीत नाव येण्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबाने ग्रामसभेत विचारायला पाहिजे ते हे, की मंजुरी कधी येणार याच्या जोडीला, आपल्या पाड्यावरचं पहिलं घरकुल आज कोण दुरुस्त करतं आहे.